कोकणात राहून बाईक रेसिंगचे फोटो कसे काढायचे: गाडीवर सामान बांधण्यापासून फोटो हातात देईपर्यंत सगळं

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी, कुठेही बघा, गाडीवेडी पोरं भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे आता कॅमेरापण आहे, पण तो कॅमेरा लग्नाच्या ऑर्डरी आणि समुद्रावरचा सूर्यास्त याच्या पलीकडे जात नाही. रेसचे फोटो म्हटलं की सगळ्यांना वाटतं त्याला लाखांची लेन्स लागते आणि पुण्या-मुंबईत राहावं लागतं. मला हे अजिबात पटत नाही. जो स्वतः गाडी चालवतो, घाटात कुठे थ्रॉटल सोडायचा आणि कुठे उघडायचा हे ज्याच्या अंगात मुरलंय, तो निम्मं काम आधीच शिकलेला असतो, कारण रेसचा फोटो कॅमेऱ्याच्या स्पीडवर कमी आणि पुढच्या सेकंदाला गाडी कुठे असणार, रायडर तिथे काय करत असणार हे आधी ओळखण्यावर जास्त ठरतो. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं एका गाडीवाल्याच्या डोक्याने वाचा.

कॅमेरा कुठला आणि किती पैशांचा

यावर फार वेळ घालवत नाही. नवीन मिररलेस परवडत असेल तर घ्या, नसेल तर सेकंडहँडमध्ये कॅनन ७डी मार्क २ किंवा निकॉन डी५०० शोधा, पहिला २०१४ चा आणि दुसरा २०१६ चा, दोन्ही सेकंदाला १० फ्रेम काढतात आणि दोन्ही असल्याच कामासाठी बनवलेत. तेही जमत नसेल तर घरात जी बॉडी आहे ती आणि ५५-२५० किंवा ७०-३०० एमएमसारखी झूम लेन्स, सुरुवातीला पुरते. ७०-२०० एफ २.८ नंतर येईल. फक्त घेताना एक गोष्ट नीट बघा, लेन्समध्ये बुरशी. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा दिसल्या तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, आपल्या हवेत ती बुरशी पावसाळ्याभरात वाढते.

गाडीवर कॅमेरा न्यायचा कसा

लोक कॅमेरा टॉपबॉक्समध्ये टाकतात कारण तिथे पाऊस लागत नाही. पण गाडीचा सगळ्यात जास्त हादरा मागच्या टोकाला असतो, आणि खड्ड्यांच्या पट्ट्यात तर प्रत्येक आपटीला लेन्सच्या माउंटवर आणि आतल्या स्टॅबिलायझेशनच्या (हात हलला तरी फोटो हलू न देणाऱ्या) भागांवर झटका बसतो. कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत घ्या. खराब रस्ता आला की आपण फूटरेस्टवर किंचित उठतो, गुडघे झटका खातात, पाठीपर्यंत तो अर्धासुद्धा पोचत नाही. बॅगेत लेन्स बॉडीपासून काढून, वेगवेगळ्या कप्प्यात, टोप्या घट्ट लावून. मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा एकपायी स्टँड, मात्र कधीही पाठीच्या कण्याच्या रेषेत बांधायचा नाही, पडलो तर तोच लोखंडी दांडा पाठीत घुसणार, तो गाडीच्या बाजूला बंजीने बांधा. बॅग सात-आठ किलोच्या वर गेली की घाटात खांदे भरून येतात आणि मग तुम्ही गाडी नीट चालवत नाही, हे लक्षात ठेवून काय न्यायचं ते ठरवा.

मोबाइल हँडलला लावून नकाशा बघत जाणाऱ्यांसाठी: अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर सांगितलंय की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या हादऱ्यांनी आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि फोकस बिघडू शकतं. मोबाइल दुसऱ्या कंपनीचा असला तरी हादरा तोच. डॅम्परवाला, म्हणजे हादरा शोषणारा माउंट लावा नाहीतर मोबाइल खिशात आणि कानात आवाज.

रेसला कोकणातून बहुतेक वेळा घाट चढूनच जावं लागतं. सुपरक्रॉस (मातीच्या बंद ट्रॅकवरची उड्यांची रेस) आणि रॅलीचे कार्यक्रम पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे जास्त होतात, म्हणजे चिपळूणवाल्याने कुंभार्ली, रत्नागिरीवाल्याने आंबा घाट, सावंतवाडीवाल्याने आंबोली. आदल्या दिवशी दुपारीच निघा. रात्री घाट चढून, डोळे लाल करून सकाळी ट्रॅकवर उभं राहणारा माणूस स्वतःलाही धोका आणि दुसऱ्यालाही. सागरी मार्गाने जायचं असेल आणि मधे दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळची फेरीबोट असेल तर बोटीवर बॅग पाठीवरच ठेवा, डेकवर नाही, खाली खारं पाणी असतं.

निघायच्या आधी चेन बघायची. किनाऱ्याच्या हवेत चेन चार दिवस तशीच राहिली तरी लिंकांवर तांबूस गंज दिसायला लागतो. रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करून, पुसून, मग ल्यूब, आणि ढिलाई गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिली असेल तेवढी. तारेचे स्पोक असलेली गाडी म्हणजे बहुतेक ट्यूबवाली, तेव्हा सुटी ट्यूब आणि लिव्हर जवळ हवेत, ट्यूबलेसचं पंक्चर किट तिथे उपयोगाचं नाही.

आधी घराजवळ पॅनिंग पक्कं करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, रेसला जायच्या आधी महिनाभर तरी. पॅनिंग म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत कमी शटर स्पीडला, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवून फोटो काढायचा, गाडी शार्प आणि मागचं सगळं ओढलेलं.

हे का करायचं त्याचा हिशोब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर जाते. १/१००० शटरला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, ती पावणेदोन सेंटीमीटर सरकते, १/१२५ ला १३ सेंटीमीटरच्या आसपास आणि १/६० ला २८. म्हणजे १/२००० ला फोटो काढला तर गाडी, स्पोक, माती सगळं गोठतं आणि जमिनीवरून जाणारी गाडी स्टँडवर उभी केल्यासारखी दिसते. वेग दाखवायचा असेल तर काहीतरी हललं पाहिजे, आणि ते हलणारं म्हणजे चाकं आणि मागची झाडं, रायडरचं हेल्मेट नाही.

जागा निवडताना गावाबाहेरचा असा रस्ता बघा जिथे दोन्ही बाजूला नजर लांब जाते, तुम्ही रस्त्यापासून आठ-दहा मीटर आत उभे राहू शकता आणि मागे काहीतरी उभं आहे, माडाची रांग, काजूची बाग, जांभ्याचा गडगा. मागे मोकळं आकाश असेल तर पॅनिंग दिसतच नाही, कारण आकाश ओढलं काय नि न ओढलं काय सारखंच. माड सगळ्यात भारी, उभे बुंधे आडवे ओढले जातात आणि पट्टे पडतात.

सुरुवात एसटीपासून करा, मी गंमत म्हणून सांगत नाही. एसटी मोठी असते, एका वेगाने येते, आणि खिडक्यांच्या आडव्या रेषा असल्यामुळे तुमचा कॅमेरा वरखाली झाला की फोटोत लगेच कळतं. एसटी जमली की मोटरसायकली. कोणालाही "जोरात ये रे" म्हणून सांगायचं नाही, पॅनिंगला ४० चा वेगपण पुरतो, शटर खाली आणा की झालं.

आता शरीर. पाय खांद्याएवढे फाकवायचे आणि पायाची बोटं जिथे फोटो संपणार तिकडे वळवायची, गाडी जिथून येते तिकडे नाही. मग कंबरेतून मागे वळून गाडीला उचलायचं. असं केलं की शरीराचा पीळ सुटत जातो आणि फोटोच्या वेळी तुम्ही सरळ, मोकळे असता. उलटं केलंत तर नेमक्या क्षणाला कंबर अडकते आणि कॅमेरा तिरका होतो. कोपर फासळ्यांना चिकटलेले, डावा हात लेन्सच्या खाली, डोळा व्ह्यूफाइंडरला, स्क्रीनवर बघून पॅनिंग होत नाही. गाडी लांब असतानाच फोकस पकडायचा, बरोबर फिरायचं, समोर यायच्या किंचित आधी बटण, आणि बटण दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. क्रिकेटमध्ये शॉट मारल्यावर बॅट पुढे जातच राहते ना, तसं. नव्वद टक्के लोक बटण दाबलं की तिथेच थांबतात आणि मग लेन्सला दोष देतात.

१/२५० ला सुरू करा. दहातले सात शार्प यायला लागले की १/१६०, मग १/१२५, मग १/८०. १/३० ला दहातला एक आला तरी खूश व्हायचं. फोटो तपासताना पूर्ण झूम करून फक्त एकच जागा बघायची, हेल्मेटची काच. तिथे शार्प तर फोटो ठेवा, टाकी शार्प आणि हेल्मेट हललेलं असेल तर काढून टाका.

लेन्सवर स्टॅबिलायझेशनचा पॅनिंगचा मोड असेल, कॅननच्या बऱ्याच टेली लेन्सवर मोड २ नावाने असतो, तर तो लावा. त्यात फक्त वरखाली हलणं सांभाळलं जातं आणि आडवं फिरणं अडवलं जात नाही.

पुढची अडचण उन्हात येते. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात आयएसओ (सेन्सर उजेड किती पटकन पकडतो ते) १०० ला १/६० घ्यायचं म्हटलं तर अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक, एफ २० च्या आसपास जातं, आणि तेवढ्या बारीक अपर्चरला सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण फोटोत काळा ठिपका होऊन दिसतो. म्हणून ३ स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) नाहीतर पोलरायझर बॅगेत हवाच. पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेड खातो, ते इथे फायद्याचं.

आणि सरावासाठी समुद्राच्या पुळणीवर गाड्या उतरवू नका. रील्समध्ये चांगलं दिसतं म्हणून लोक करतात. वेळास, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात, वाळूखालचं घरटं वरून दिसत नाही आणि टायर त्याच्यावरून जातो. शिवाय भरतीचं पाणी चढलं की ओल्या वाळूत रुतलेली गाडी बाहेर काढणं महाकठीण. सार्वजनिक रस्त्यावर लावलेल्या रेसचे फोटोसुद्धा काढायचे नाहीत, कॅमेरा दिसला की पोरं अजून चेकाळतात, आणि समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याचा त्यात काही संबंध नसतो.

कॅमेऱ्याची सेटिंग, एकदाच लावून ठेवायची

फोकस सतत चालणारा, म्हणजे निकॉन-सोनीमध्ये एएफ-सी आणि कॅननमध्ये एआय सर्व्हो. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणावर द्या. दोन दिवस हात चुकतो, मग परत जावंसं वाटत नाही. शटर तुम्ही ठरवायचा, आयएसओ ऑटोवर, वरची मर्यादा ३२०० किंवा ६४००. उडीचा फोटो १/१००० च्या वर, वळणातला १/४०० ते १/६४० म्हणजे रायडर शार्प आणि स्पोक थोडे फिरलेले, पॅनिंग वर सांगितलं तसं. बर्स्ट, म्हणजे एका दमात सलग फोटो, तीन-चार फ्रेमचा मारा, बटण दाबूनच ठेवलं तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि बरोबर ज्या वेळी दोन गाड्या एकमेकीला घासतात त्या वेळी कॅमेरा कार्डवर लिहीत बसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा समतोल, ऑटोवर नको, ५२०० ते ५६०० केल्विनवर बांधून टाका, का ते पुढे.

सडा, लाल धूळ आणि ऊन

आपल्या बाजूला डर्टचा कार्यक्रम झाला तर तो सड्यावर किंवा गावाबाहेरच्या मैदानात, म्हणजे कातळ, जांभ्याची लाल माती, आणि सावलीला एक झाड नाही. ही माती फोटोला कमालीची सुंदर आहे आणि कॅमेऱ्याला कमालीची त्रासदायक.

ऑटो व्हाइट बॅलन्स फ्रेमभर लाल बघतो आणि त्याला वाटतं काहीतरी चुकलंय, तो सगळं निळसर करून टाकतो. एका फ्रेममध्ये माती तांबडी, दुसऱ्यात राखाडी. म्हणून केल्विन बांधायचा. दुसरं, उन्हात उडालेल्या लाल धुळीत कॅमेऱ्याचा लाल चॅनल सगळ्यात आधी भरतो. साधा हिस्टोग्राम (फोटोत उजेड किती ते दाखवणारा आलेख) बघाल तर एकदम ठीक दिसतो, पण तांबड्याचा वेगळा हिस्टोग्राम उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो आणि नंतर रॉ फाइलमध्येसुद्धा (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फोटोत) धुळीचा पोत परत येत नाही, नुसता लाल लोळा. मेनूतून तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम चालू करा आणि गरज पडली तर अर्धा ते पाऊण स्टॉप कमी एक्स्पोजर ठेवा.

सकाळी ऊन पाठीशी घेऊन उभे राहा, त्यामुळे हेल्मेटच्या पुढे आलेल्या छज्जाच्या खाली गॉगलच्या आतले डोळे दिसतात. डोळे दिसले की फोटो माणसाचा होतो. अकरा ते तीन कातळ तापतो आणि जमिनीवरची हवा थरथरते. त्या वेळी लांबून ४०० एमएमने काढलेला कुठलाच फोटो शार्प येत नाही, लेन्स कितीही महाग असो, कारण मधली हवाच हलतेय. तेव्हा जवळ या, छोटी लेन्स लावा, पॅडॉकमधले, म्हणजे रायडर आणि मेकॅनिकांच्या तळावरचे फोटो काढा. साडेचारनंतर उलटं करायचं, सूर्य समोर, धूळ मधे, गाडी त्या धुळीतून बाहेर येतेय. रायडर काळा पडेल, पडू दे, धुळीची कड पेटते तो फोटो दिवसभरात दुसऱ्या कुठल्या वेळी मिळणार नाही. समुद्राजवळच्या दमट हवेमुळे लांबचं सगळं फिकट दिसतं तेसुद्धा उलट्या उजेडात कामाला येतं, मागच्या डोंगरांचे थर वेगवेगळे होतात.

ट्रॅकवर लेन्स बदलायची नाही. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद, तोंड खाली, आणि कोणाच्या तरी टेम्पोत किंवा गाडीत बसून.

परवानगी आणि आदला दिवस

भारतात मोटरस्पोर्टचं नियमन एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया) करते, आणि त्यांच्या परवानगीच्या कार्यक्रमात मीडियाचा पास आयोजकाकडून घ्यावा लागतो. ई-मेल करा, सोबत दहाच फोटो पाठवा पण निवडक. पहिल्या खेपेला पास मिळाला नाही तर प्रेक्षकांतून काढा. मधे जाळी असेल तर लेन्स जाळीला जवळजवळ चिकटवायची, अपर्चर पूर्ण उघडं आणि गाडी जाळीपासून लांब असताना क्लिक, जाळी विरघळून जाते. दुसरा मार्ग म्हणजे स्वयंसेवक म्हणून जायचं, मार्शलना (ट्रॅकवर झेंडे दाखवून सुरक्षा सांभाळणाऱ्यांना) पाणी पोचवण्याचं काम केलं तरी ट्रॅक आतून कळतो.

आदल्या दिवशी ट्रॅक पायी चाला. गाडीवाला म्हणून चाला: इथे मी ब्रेक कुठे मारला असता, मागचं चाक कुठे सुटलं असतं, इथले दोन उंचवटे कोण एकाच उडीत पार करेल आणि कोण न उडता चाकांवरूनच जाईल. ब्रेकिंगच्या जागी माती आडवी खरवडलेली असते, थ्रॉटल उघडायच्या जागी मागे फेकलेली. हे खुणा वाचणं ज्याला येतं त्याला सकाळी कुठे उभं राहायचं हे विचारावं लागत नाही. मग स्टार्ट लिस्टचा फोटो काढून ठेवा, नंबर आणि नाव, कारण संध्याकाळी चिखलात सगळे सारखे दिसतात.

रॅली असेल तर गणित वेगळं. स्पेशल स्टेजचा, म्हणजे रॅलीतल्या वेळ मोजायच्या टप्प्याचा रस्ता पहिली गाडी सुटायच्या बराच आधी बंद होतो, आत जायचं ते त्याच्या आधी, आणि शेवटची गाडी गेल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. पाणी, चिक्की, टोपी घेऊनच आत जा. गाड्या ठरावीक अंतराने एकेक येतात, म्हणजे प्रत्येक रायडरचा तुम्हाला एकच चान्स. तिथे नुसतं टायर आणि माती नको, जागा दाखवा. सी. एस. संतोष २०१५ ला डकार ही लांब पल्ल्याची वाळवंटी रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय झाला, हरिथ नोहाने २०२४ ला डकारमध्ये रॅली-२ क्लास जिंकला. डकारचे फोटो इंटरनेटवर शोधून बघा, त्यातल्या चांगल्या फोटोंत गाडी लहान आणि मुलूख मोठा असतो. आपल्याकडे सह्याद्रीची भिंत आहे, तिला फ्रेममध्ये घ्या.

उभं कुठे राहायचं

वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही नाही. गाडी सुटली की ती बाहेरच जाते, रायडरला वाटलं तरी तो ती आत वळवू शकत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला, थोडं पुढे, उंचावर, ही सगळ्यात चांगली जागा, आणि फोटोही तिथूनच चांगला येतो कारण गाडी तुमच्याकडे कललेली असते. उडीच्या समोर, उतरण्याच्या रेषेत नाही, बाजूला. हवेत दोन गाड्या एकत्र असतील तर दुसरी कुठे उतरेल हे तिच्या रायडरलाही माहीत नसतं.

ट्रॅककडे पाठ करायची नाही. फोटो बघायला मान खाली घालायची असेल तर दोन पावलं मागे. मागे पळायला जागा आहे का हे आधी बघायचं, मागे गडगा असेल तर ती जागा सोडा. एका डोळ्याने व्ह्यूफाइंडरमध्ये आणि दुसरा डोळा उघडा, ही सवय सरावातच लावा. कानात इअरफोन नको, इंजिनचा आवाज चिरकला की गाडी कुठेतरी सुटलीय हे दिसायच्या आधी ऐकू येतं.

झेंडे पाठ पाहिजेत. पिवळा हलतोय म्हणजे पुढे कोणीतरी पडलंय, तिथे ओव्हरटेक नाही आणि मोटोक्रॉसमध्ये उडी मारायची नाही, गाड्या हळू येतील. लाल म्हणजे रेस थांबली. निळा म्हणजे मागून जास्त वेगवान रायडर येतोय, वाट दे. मार्शल हाताने जरी "मागे हो" म्हणाला तरी वाद न घालता मागे व्हायचं, पास गळ्यात असला तरी.

रायडर पडला तर ट्रॅकवर धावायचं नाही, ते मार्शल आणि डॉक्टरांचं काम आहे, मधे गेलेला फोटोग्राफर म्हणजे अजून एक अडथळा. आणि जखमी माणसाचा फोटो कुठेही टाकायचा नाही. त्याच्या घरी अजून कळलेलंही नसतं, आईने तो फोटो मोबाइलवर बघावा असं कोणालाच वाटणार नाही.

काय काढायचं

उडीचा फोटो सगळे काढतात. तो काढाच, पण गाडी सर्वात उंच असतानाचा नको, सुटतानाचा घ्या: मागचं चाक जमीन सोडून वीतभर वर आलेलं, मागचा शॉकअप पूर्ण लांबलेला, चेन खालून झोळीसारखी लोंबलेली, टायरच्या बटणांतून सुटलेली मातीची ढेकळं अजून गाडीच्याच मागे हवेत, आणि रायडरची कोपरं बाहेर, नजर आत्ताच पुढच्या वळणाकडे गेलेली. त्या क्षणात गाडीचं सगळं यंत्र उघडं दिसतं आणि गाडीवाल्याला तो फोटो बघताच पोटात खड्डा पडतो.

स्टार्ट गेट चुकवू नका. गेट पडायच्या आधीचे चार-पाच सेकंद, एका रांगेत सगळ्यांची बोटं क्लचवर, डोळे एकाच लोखंडाच्या पट्टीवर. त्यानंतर पहिलं वळण, जिथे सगळे एकदम घुसतात.

मग पॅडॉक. तिथे घाई नसते. स्पोकवर टिचकी मारून आवाज ऐकणारा मेकॅनिक, एअरफिल्टरमधून निघणारी लाल पावडर, हँडग्लोव्हज काढल्यावर तळहातावर आलेले फोड, रेसच्या आधी कोपऱ्यात एकटाच बसून डोळे मिटलेला मुलगा. विचारून काढा, आणि रेसच्या अगदी आधी कोणाशी बोलू नका. रायडर मुली आता आपल्याकडेही उतरतायत, ऐश्वर्या पिस्सेने २०१९ ला बाहाज वर्ल्ड कपमध्ये (मोकळ्या, खडबडीत मुलखातल्या रॅलींची जागतिक मालिका) महिलांचं जेतेपद मिळवलं. त्यांचे फोटो गाडी चालवतानाचे काढा, केस सोडलेले नाहीत.

पावसात

पावसाळ्यातल्या कार्यक्रमाला रेनकव्हर नसलं तरी जाड पारदर्शक पिशवी, पुढे लेन्सहूडला रबरबँड, आणि मागून हात घालायला भोक, एवढ्यावर काम होतं. हॉटेलच्या एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काच आतून-बाहेरून धुकटते, म्हणून झिपच्या पिशवीत बंद करून अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवा, मग उघडा. पाऊस फोटोत दिसायला हवा असेल तर १/२५० च्या आसपास आणि मागे काळपट झाडी, आकाशासमोर पाऊस दिसत नाही. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरतं, गाडीपेक्षा तुम्ही आधी घसराल, बूट चांगल्या तळाचे.

घरी आल्यावर, झोपायच्या आधी

खारी हवा आणि लाल धूळ दोन्ही काचेवर असताना कापडाने पुसायचं नाही, मिठाचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग लेन्सच्या कापडावर दोन थेंब क्लीनर आणि मधून बाहेर गोल. बॉडी आणि लेन्सचा पाइप किंचित ओलसर सुती कापडाने, मग कोरड्याने.

कॅमेरा त्याच बॅगेत ठेवून देणं ही कोकणातली सगळ्यात महागात पडणारी सवय. बॅगेचा फोम ओल धरतो. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५-९० टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला साठ-सत्तरच्या पुढे मोकळं रान मिळतं. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर तेच, नाहीतर रबर गॅस्केटचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल, आणि आत छोटं डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४५ ते ५० वर राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यात परतून कोरडं करा आणि गार झाल्यावरच परत टाका. तांदळाचा डबा हा उपाय नाही, त्यात पीठ असतं. आणि वाळवायला म्हणून कॅमेरा उन्हात उघडा ठेवू नका, लेन्समधून सूर्य एका बिंदूवर आला की आतलं शटर जळतं. डबा खाली नको, माळ्यावर. चिपळूणकरांना २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको.

गाडीपण त्याच रात्री किंवा सकाळी गोड्या पाण्याने धुवा, डिस्क आणि चेनच्या बाजूला जास्त, वाळली की ल्यूब. आणि एक, तुमची रोजची गाडी घेऊन एखाद्या ट्रॅकवर हौस करायचा विचार असेल तर मोटार विम्यात आयोजित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग धरलेलं नसतं, ते आधी वाचा.

फोटो निवडणं, देणं, पैसे

कार्ड आधी दोन ठिकाणी कॉपी, मगच फॉरमॅट. मग पहिल्या फेरीत फक्त फोकस बघून काढून टाका, दुसऱ्या फेरीत एका रायडरचे तीन. एकसारखे वीस फोटो पाठवले की चांगला फोटो त्यातच हरवतो. एडिटमध्ये माती केशरी करू नका, जांभ्याचा रंग मुळात जेवढा आहे तेवढाच पुष्कळ आहे, आणि धूळ नंतर चिकटवायची नाही.

कॅप्शनमध्ये नाव, गाडी नंबर, क्लास, ठिकाण, तारीख. त्याच रात्री पाच-सहा फोटो रायडरना पाठवा, दुसऱ्या दिवशी त्यांना स्पॉन्सरला दाखवायला लागतात. मागच्या नंबरवर आलेल्या पोरालासुद्धा त्याचा एक चांगला फोटो मिळालाच पाहिजे, पोडियमवाल्यांचे सगळेच काढतात. वर्ष-दोन वर्षं असं केलं की रायडरच आयोजकाला तुमचं नाव सांगतात.

पैसे सुरुवातीला रायडरकडून पॅकेजचे, नंतर टीम आणि टायर-ऑइलवाल्या कंपन्यांकडून. कुठलंही काम घेताना व्हॉट्सअपवर का होईना पण लिहून घ्या: किती फोटो, कधी देणार, कुठे वापरणार, नाव देणार की नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे की पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो, काढणारा नाही. म्हणजे काही लिहिलेलं नसेल तर तोच फोटो तुम्हाला तुमच्या पोर्टफोलिओत वापरायलाही अडचण येऊ शकते. म्हणून मेसेजमध्ये एक वाक्य घालाच, की फोटोचे हक्क माझ्याकडे आणि तुम्हाला अमुक वापराची अमुक काळासाठी परवानगी, आणि समोरून "ओके" आल्याशिवाय गाडीला किक मारू नका.